‘मैत्रिणींनो’ नको, ताटावर बसलेल्याला सांगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतलं भोगीनिमित्त छापलेलं आहाराचं पान वाचलं. चांगलं होतं, माहितीत काही चूक काढायची नाहीये मला. पण सुरुवातच ‘मैत्रिणींनो, यंदा घरच्यांच्या ताटात रंग भरा’ अशी होती आणि मी तिथेच अडकलो. बायकोने ते पान चष्मा लावून पूर्ण वाचलं, घडी केली, आणि म्हणाली, “हे मला कशाला सांगतायत, मला येतं की सगळं.” एवढं बोलून ती आत गेली. हे पत्र त्या वाक्यावरून लिहितोय.

मी ६२ वर्षांचा आहे, सरकारी नोकरीतून रिटायर झालोय, बदलापूरला राहतो. मूळ गाव सातारा जिल्ह्यात माण तालुक्यात, आणि बायको चिपळूणकडची. म्हणजे घरात देश आणि कोकण दोन्ही होते, चंगळ असायला पाहिजे होती. प्रत्यक्षात आमच्याकडे पस्तीस वर्षं बटाटा, फ्लॉवर, भेंडी, कोबी, मटकी आणि चपाती एवढंच शिजत होतं. कारण मी. तिला येत नव्हतं, मिळत नव्हतं, परवडत नव्हतं, असलं काहीच नाही. मी खात नव्हतो म्हणून.

हे मला कळलं गेल्या एप्रिलमध्ये. तिला जिना चढताना धाप लागायला लागली, आधी वाटलं वय झालं, वजन वाढलंय, मग रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.६. डॉक्टर बाईंनी बाकीच्या पण सगळ्या तपासण्या करून घेतल्या, सुदैवाने दुसरं काही निघालं नाही, लोहाच्या गोळ्या सुरू केल्या आणि म्हणाल्या गेल्या सात दिवसांत जेवणात काय काय होतं ते मला लिहून द्या. हिला आठवेना. मला आठवत होतं, कारण भाजी आणायचं काम माझं. मी तिथेच प्रिस्क्रिप्शनच्या मागे लिहून दिलं : बटाटा, फ्लॉवर-बटाटा, मटकी, भेंडी, कोबी, बटाटा, आणि रविवारी अंडी. डॉक्टर बाईंनी वाचलं, पेनाने तीनही बटाट्यांवर काट मारली आणि म्हणाल्या, “काका, हा भाजीत धरू नका. आणि पालेभाजी कुठंय?” मी म्हणालो, आमच्याकडे कोणी खात नाही. त्यांनी हिच्याकडे बघितलं. ही खाली बघत होती. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख पडलं की ‘आमच्याकडे कोणी’ म्हणजे मी एकटा.

नंतर घरी येऊन जरा वाचलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी आहाराच्या १७ सूचना काढल्यात, त्यातली पहिलीच सूचना वेगवेगळ्या प्रकारचं अन्न खा अशी आहे. दिवसाचं नमुन्याचं ताट दिलंय त्यात दोन हजार कॅलरीला ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळं, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं किंवा अंडी-मांस, ३०० मिली दूध किंवा दही, आणि धान्य २५० ग्रॅम. माणशी ४०० ग्रॅम भाजी! मी आपला किचनमधला वजनकाटा काढला. आमच्याकडे दोघांना दोन्ही वेळ मिळून अर्धा किलोचा फ्लॉवर, तोही देठं काढल्यावर साडेतीनशे भरला. आणि चपात्या मात्र मी एकटा दिवसाला आठ. म्हणजे उलटंच चाललं होतं सगळं.

आता माझी बाजूही सांगतो, कारण मी काही जन्मापासून नखरेल नव्हतो. १९७२ च्या दुष्काळात मी नऊ वर्षांचा. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, आम्हा पोरांना तिथे सुकडी मिळायची. रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो, तिची भाकरी थापताना तुटायची आणि खाताना घशात अडकायची. घरात हुलग्याचं माडगं, म्हणजे हुलग्याच्या पिठाची पातळ पेज, गूळ असला तर गूळ नाहीतर मीठ. रानातून आणलेली तांदुळजा, पाथरी, घोळ, जे हिरवं दिसेल ते कोरड्यास. हुलगा, पालेभाज्या, भाकरी हे सगळं माझ्या डोक्यात ‘काहीच नसतं तेव्हा खायचं’ या खात्यात जमा झालं. चपाती व्हायची सणाला आणि पाहुणा आला की, ती पण पाहुण्याला दोन आणि आम्हाला एकातली अर्धी. नोकरी लागली तेव्हा पहिल्या पगाराला मी आईला सांगितलं, आता रोज चपाती करायची. आई रडली होती. मला त्याचा फार अभिमान होता आणि खरं सांगायचं तर अजूनही थोडा आहे.

माझ्या पिढीतल्या पुष्कळ लोकांचं असंच झालंय असं मला वाटतं, आमच्या ऑफिसात सांगली-सोलापूर-नगरकडचे जेवढे होते त्यांचे डबे आठवा, सगळ्यांच्या डब्यात चपाती-बटाटा. ज्वारी-बाजरी म्हणजे गरिबी, गहू म्हणजे बरे दिवस. रेशनवरही वर्षानुवर्षं गहू-तांदूळच मिळत राहिला. आणि आता शहाणी माणसं येऊन सांगतात की भाकरी खा, नाचणी खा, २०२३ हे तर संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्षच केलं होतं, आणि ज्या मॉलमध्ये क्विनोआ मिळतो त्याच्या शेजारी राळे अर्ध्या किलोच्या चकचकीत पाकिटात. आमचे आजोबा हे बघून काय म्हणाले असते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पण हे सगळं माझं कारण झालं. हिने काय केलं होतं? लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिने कुळथाची पिठी केली होती, वर आमसूल, लसणाची फोडणी, शेजारी गरम भात. मी पहिला घास घेतला आणि ताट सरकवलं. “हे घोड्याचं खाणं माझ्यापुढं परत ठेवू नको.” बरोबर हेच शब्द. तिला काय माहीत की कुळीथ म्हणजेच आमचा हुलगा आणि माझ्या डोळ्यासमोर माडग्याची थाळी आली. मी सांगितलंही नाही. ताट सरकवणं सोपं होतं. त्यानंतर अळूचं फदफदं गेलं (“चिकट”), नाचणीची भाकरी गेली (“काळी”), फणसाची भाजी गेली, डाळिंब्या गेल्या, लाल माठ गेला. एकेक करून. भोगीच्या भाजीचं तर बघायलाच नको. ती बिचारी हरभरे, पावटा, घेवडा, गाजर, वांगं, शेंगदाणे, बोरं, तिळाचं कूट घालून कढईभर करायची आणि मी त्यातला बटाटा तेवढा खाऊन बाकीचं ताटाच्या कडेला काढून ठेवायचो, गाजराची रांग वेगळी, पावट्यांची वेगळी. ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ म्हणतात, आमच्यात खात नव्हतो मी आणि अशक्तपणा आला तिला.

कारण ती माझ्या पसंतीचं करायची आणि तेच जेवायची. एका माणसासाठी वेगळी भाजी कोण करत बसतं? दोन माणसांच्या घरात दोन भाज्या करायला बाईला कंटाळा येतो, गॅस जातो, वेळ जातो, आणि उरलेलं कोण संपवणार. तीच संपवणार.

मे महिन्यात एकदा माळ्यावरचे डबे काढत होतो तर कॉफीच्या जुन्या डब्यात कुळथाचं पीठ सापडलं. ताजं, वास चांगला. मी विचारलं हे कुठून आलं. आधी काही बोलली नाही, मग म्हणाली, “तुम्ही गावाला जायचात ना जमिनीच्या कामाला, तेव्हा मी पिठी-भात करायचे.” मी वर्षातून तीन-चार वेळा गावाला जातो. म्हणजे पस्तीस वर्षं ही बाई आपलं आवडतं जेवण नवरा घरात नसताना, चोरून म्हणा ना, वर्षातून तीन-चारदा जेवत होती. मी तो डबा हातात धरून बराच वेळ स्टुलावरच उभा होतो. ती म्हणाली, उतरा खाली, पडाल.

संपादक साहेब, आता मूळ मुद्दा. आहारावरचं सगळं लिखाण, तुमचंच नाही, सगळीकडचं, स्वयंपाक करणाऱ्या बाईला उद्देशून असतं. गृहिणींनो हे करा, मैत्रिणींनो ते करा, मुलांना आवडेल असं रंगीत करा, नवऱ्याच्या डब्यात असं लपवून घाला. लपवून! पालक पराठ्यात लपवा, दुधी थालीपिठात लपवा. साठीचा बाप्या आणि त्याला भोपळा लपवून खायला घालायचा, ही काय पद्धत झाली? हे मी नको म्हणणाऱ्याच्या जागेवरून बोलतोय. भाजी बाजारात मिळते, करायला बाईला येते, न आली तर यूट्यूब आहे, सगळं अडतं ते ताटावर बसून ‘हे नको’ म्हणणाऱ्यापाशी. त्याला कोणी काही सांगतच नाही.

मग मी ठरवलं की वेगळं काही आणायचं तर मीच आणीन, मीच निवडीन आणि जमलं तर करीन. पहिलाच प्रयोग फसला, तो सांगतो, हसा. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की आमच्या स्टेशनबाहेर मुरबाड-कर्जतकडच्या आदिवासी बायका रानभाज्या घेऊन बसतात. इतकी वर्षं मी त्यांच्या शेजारून लोकल पकडायला पळालोय, एकदाही थांबलो नव्हतो. त्या दिवशी थांबलो. एका मावशीकडे शेवळं होती, लांब लांब, बाहेरून हिरवट-तपकिरी. जुडी घेतली. ती म्हणाली, बाबा, काकडं पण घ्या सोबत. छोटी हिरवी फळं होती. मला वाटलं ही आपला माल खपवतीय, मी म्हणालो नको, शेवळंच पुरे. घरी ही शेजारणीकडे गेली होती, मी मोबाईलवर बघून चिरली, फोडणीला टाकली, आणि चव बघायला एक चमचा तोंडात घातला. पाच मिनिटांनी घशात सुया टोचल्यासारखं व्हायला लागलं, जीभ जड, डोळ्यातून पाणी. शेवळात खाज असते, आणि ती मारायलाच ती काकडं घालतात, शिवाय खालचा पिवळा रवाळ भाग काढून टाकायचा असतो, तो मी चांगला बारीक चिरून घातला होता! ही आली, माझ्याकडे बघून आधी घाबरली, कढईत बघितलं आणि मग इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. चिंचेचं पाणी दिलं. अळूला आपण चिंच नाहीतर आमसूल घालतो तेही याच्यासाठीच. पुढच्या आठवड्यात मी त्याच मावशीकडे गेलो, तर तिनेच विचारलं, “खाजलं का?” आणि न मागता मूठभर काकडं पिशवीत टाकली. पैसे घेतले नाहीत त्याचे. दुसऱ्यांदा मात्र हिने केली, ओलं खोबरं वाटून, आणि मी आयुष्यात खाल्लेल्या भाज्यांत तिचा नंबर फार वरचा आहे. ठाण्या-रायगडकडचे सीकेपी लोक शेवळांसाठी जीव टाकतात ते उगीच नाही.

मग पावसाळाभर चाललंच. टाकळा, कुर्डू, फोडशी, करटोली. टाकळा मला नाही आवडला, उग्र लागतो, दोनदा खाल्ला आणि आता परत आणणार नाही. सगळं आवडलंच पाहिजे असं थोडीच आहे. करटोली महाग पण कांद्यावर परतून झकास. ९ ऑगस्टला जागतिक आदिवासी दिन असतो, त्याच्या आसपास कृषी खात्याचे रानभाजी महोत्सव भरतात, ते चांगलं आहे, पण माझा अनुभव असा की स्टॉलवर फोटो काढून माणूस घरी जातो आणि संध्याकाळी पनीर मागवतो. ओळख व्हायची तर विकणाऱ्या बाईला विचारलं पाहिजे, कोवळी कशी ओळखायची, देठ घ्यायचं की टाकायचं, आधी उकडायची की नुसती परतायची. आणि हो, स्वतः डोंगरात जाऊन काहीही उपटून आणू नका, दिसायला सारखी असलेली विषारी पण असतात. माहितगाराकडूनच घ्या.

बियाणं टिकवण्याच्या बाबतीत अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचं नाव सगळ्यांना माहीत आहे, २०२० साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पण अभिनंदनाचे मेसेज फिरले होते, मी पण अंगठा टाकला होता. त्यांनी गावठी वाल, घेवड्यांचे वाण जपून ठेवले. पण बियाणं जपून, पिकवून, बाजारात येऊन शेवटी माझ्यासारख्याच्या ताटात पडलं आणि मी ते कडेला काढून ठेवलं तर काय उपयोग? हा विचार मला २०२० मध्ये आला नव्हता, अंगठा टाकताना तर नाहीच.

आता जे लिहितोय ते खास पुरुषमंडळींसाठी, कारण ते कोणी छापत नाही. पालेभाजी निवडायला किती वेळ लागतो ते कधी बघितलंय? मी घड्याळ लावून बसलो होतो. मेथीची एक मोठी जुडी : ३५ मिनिटं. शेपू त्याहून कमी, पण तांदुळजा लहान पानांचा असला तर मान मोडते. त्यात माती, मग तीन पाण्यातून धुवा, निथळा, चिरा. आणि एवढं करून शिजल्यावर काय उरतं, एक वाटी. तुमच्या कृतीत लिहिलेलं असतं ‘वेळ : १५ मिनिटे’. त्यात निवडणं कुठंय? एखाद्या बाईने नोकरी करून, लोकलने लोंबकळत येऊन पालेभाजी नाही केली तर तिला आहाराचं महत्त्व समजावून सांगायची गरज नसते, तिला पाऊण तास हवा असतो. तो पाऊण तास मी आता बातम्या बघत देतो. चॅनलवरची भांडणं ऐकत मेथी निवडायला फार बरं वाटतं, निदान एक तरी काम पूर्ण होतं.

दुसरी अडचण दोन माणसांच्या घराची. अंबाडीची जुडी एवढी मोठी की तीन दिवस तेच, मग माणूस वैतागतो आणि परत बटाट्यावर येतो. आम्ही शेजारच्या घराशी वाटून घेतो, अर्धी त्यांची अर्धी आमची, कधी ते आणतात कधी आम्ही. त्यामुळे एका आठवड्यात चार पालेभाज्या होतात, आणि शिळं संपवायची वेळ येत नाही. शेजारी तेलुगू आहेत, ते अंबाडीला गोंगुरा म्हणतात आणि त्याची चटणी अशी करतात की मी आता आमच्या वाट्याची अर्धी जुडी पण त्यांनाच देतो, चटणीच्या बोलीवर.

धान्याचंही तसंच. मोठ्या उत्साहात पाच किलो ज्वारीचं पीठ दळून आणलं, पंधरा दिवसांनी पिठाची विरी गेली आणि भाकरी तव्यावर टाकताना दोन तुकडे. बाजरीचं पीठ तर त्याच्याही आधी कडू होतं. आता किलो-दीड किलोच दळतो, गिरणीवाला आधी कुरकुरला, मग मी त्याला सांगितलं की बाबा, दर आठवड्याला येतो की, गिऱ्हाईक वाढलं तुझं. थंडीत बाजरी, एरवी ज्वारी, ती मिळाली तर मंगळवेढ्याकडची मालदांडी, आणि आठवड्यातून दोनदा नाचणी. नाचणीत १०० ग्रॅमला साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, दुधाच्या जवळपास तिप्पट, असं सगळीकडे लिहितात. बरोबरच आहे, पण पीठ कोरडं आणि दूध पातळ, तेव्हा ती तुलना जरा फसवी आहे, नाचणी खातो म्हणून दूध-दही बंद करू नका एवढंच. चपाती आम्ही सोडलेली नाही. मी सोडणारही नाही, ती माझ्या पहिल्या पगाराची आहे.

कडधान्यांना एक सोपा नियम हिनेच काढलाय. पूर्वी मटकी संपली की मटकीच आणायचो. आता जे संपतं ते लगेच परत आणायचं नाही, दुसरं आणायचं. मटकीनंतर चवळी, मग मसूर, मग वाल, मग हिरवे मूग, मग कुळीथ. आपोआप फिरत राहतं, डोकं चालवावं लागत नाही. पिठलं-भाकरी, वरण-भात हे जोड आपल्या लोकांनी जमवून ठेवलेत त्यात शास्त्र आहेच, धान्यात प्रथिनांचा जो भाग कमी पडतो तो डाळीत असतो आणि डाळीत जो कमी तो धान्यात. ते पूर्वीच्या बायकांना कुणी शिकवायला आलं नव्हतं.

डॉक्टर बाईंनी अजून दोन गोष्टी सांगितल्या त्या लिहितो कारण फुकटच्या आहेत. पालेभाजीवर, उसळीवर लिंबू पिळा, त्याने त्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका, त्याने ते अडतं. दुसरी गोष्ट आम्हाला फार जड गेली. दुपारी जेवून उठलं की अर्धा कप, ही आमच्या घरची तीस वर्षांची सवय. आता तासाभराने घेतो, घड्याळाकडे बघत बसतो दोघं.

हिचं हिमोग्लोबिन ऑगस्टमध्ये ११.२ आलं. याचं क्रेडिट मी भाज्यांना देत नाही, ते गोळ्यांनी वाढलं, नियमित घेतल्या तिने. उगाच कोणी हे वाचून गोळ्या बंद करून बीट खात बसू नये. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्क्यांना रक्तक्षय आहे असं निघालं होतं. निम्म्याहून जास्त. त्याला कारणं पुष्कळ असतात, गरिबी आहे, बाळंतपणं आहेत, मला त्यातलं फार कळत नाही. पण त्यातल्या काही घरांत तरी माझ्यासारखा एक जण गाजराची रांग लावत बसलेला असणार, याबद्दल मी पैज लावायला तयार आहे.

मुलगा पुण्याला असतो, आयटीत. त्यालाही काहीच चालत नाही, वांगं नको, दोडका नको, कारलं तर नावच नको. मी परवा फोनवर त्याला उपदेश सुरू केला तर म्हणाला, “बाबा, तुम्ही कधी खाल्लंय का, मी लहान होतो तेव्हा?” बरोबर आहे त्याचं. सूनबाई मागून हसत होती. तिला मी सांगितलंय की तू काही लपवून घालू नको, त्याला निवडायला बसव, स्वतः निवडलेली भाजी टाकून द्यायला जीव होत नाही. बघू काय होतं ते.

तर विनंती एवढीच, दोन गोष्टी करा. एक, कृती छापताना निवडायला, सोलायला, भिजवायला लागणारा वेळ पण छापा, खरा वेळ. दुसरी, एखाद्या रविवारी ते पान ‘मैत्रिणींनो’ न म्हणता आमच्यासाठी काढा, क्रीडा पानाच्या शेजारी टाका म्हणजे नजर पडेल. त्यात फार काही लिहू नका, एवढंच लिहा की पहिला घास घेण्याआधी ‘नको’ म्हणायचं नाही, आणि नाहीच आवडलं तर ती भाजी पुढच्या आठवड्यात दुसऱ्या पद्धतीने करून बघायची, स्वतः.

पिठीचं सांगायचं राहिलं. मागच्या महिन्यात मी केली, हिच्या कॉफीच्या डब्यातल्या पिठाची. हिने ताट घेतलं, भात कालवला, दोन घास खाल्ले. मी विचारलं कशी झालीय. म्हणाली, आमसूल जास्त पडलंय, आणि गुठळ्या आहेत. मग परत वाढून घेतली. मी पण खाल्ली. माडग्यासारखी नाही लागत ती, अगदीच वेगळी लागते. या पस्तीस वर्षांत परत एकदा तरी चाखून बघायला पाहिजे होती.

उद्या भोगी. हरभऱ्याचे घाटे आणलेत किलोभर, सोलायचे राहिलेत आणि आतून हाक आलीय, तेव्हा थांबतो.

आपला,
एक जुना वाचक, बदलापूर